पळून जाण्यासाठी शिवलेलं ब्लाऊज

मी पळून जाऊन लग्न करायचं ठरवलं तेव्हा मला बावन्न वर्षं पूर्ण झाली होती आणि डाव्या गुडघ्याला पट्टा बांधावा लागत होता.

पळून जायचं म्हटलं की मागे कुणीतरी लागलेलं असावं लागतं. मुलीचा बाप, भाऊ, निदान एखादा तापट चुलता. आमच्या मागे कुणीच नव्हतं. सुनंदाचे आईवडील कधीच गेलेले, धाकट्या भावंडांची लग्नं तिनंच लावून दिलेली, आणि ती स्वतः सेहेचाळीस वर्षांची, आमच्या ढाणकीजवळच्या एका गावच्या उपकेंद्रात नर्स. वस्तीत कुणालाही विचारलं असतं तर 'करा ना बाप्पा, कायले थांबले?' एवढंच उत्तर आलं असतं. मी पळत होतो ते एका बहात्तर वर्षांच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या बाईपासून. ती माझी सासू.

माझी बायको शालू सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तिच्या शुश्रूषेला म्हणून आत्या आमच्याकडे आल्या होत्या (आमच्याकडे जावई सासूला आत्याच म्हणतो). शालू गेल्यावर त्यांनी आपलं गाठोडं बांधलं होतं. एकुलती एक मुलगी गेल्यावर जावयाच्या घरी कोणत्या तोंडानं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. दिग्रसला एक पुतण्या होता, त्याच्याकडे जाते म्हणाल्या. मी म्हणालो, "आत्या, एवढी चार ब्लाऊजं पडून आहेत, त्याले हुकं लावून द्या, मंग जा." ती चार ब्लाऊजं अजून संपलेली नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि आत्या, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं लेडीज-जेन्ट्स टेलरिंगचं दुकान. मशीनवर मी बसतो, आणि काज, बटण, हुक, तुरपाई हे सगळं आत्या करतात. त्यांनी हात लावल्याशिवाय एकही कपडा या दुकानातून बाहेर पडत नाही. ही शेवटची गोष्ट मी बेत आखताना विसरलो.

सुनंदा दर आठवड्याला आत्यांचं बीपी तपासायला यायची. आधी आत्यांसाठी यायची, मग थोडी माझ्यासाठीही यायला लागली. आत्यांचा तिच्यावर जीव होता. पण पेशंट म्हणून जीव असणं वेगळं आणि शालूच्या खोलीत तिला राहायला आलेली पाहणं वेगळं. मी रोज ठरवायचो की आज सांगू. आणि रोज आत्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "शालूले हा रंग लय आवडे." मग मी बाही जोडायला घ्यायचो. मला भीती होती ती एवढीच, की मी तोंड उघडलं की आत्या दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधतील. बायको मिळवताना आई घालवायची, हा सौदा मला झेपणारा नव्हता.

समुद्राची कल्पना सुनंदाची. ती एकदाच म्हणाली, "मले मांडव नको, पत्रिका नको, बायका वय विचारतीन ते नको. मी समुद्र पाह्यला नाही. जिथी आपल्याले कोणी वळखत नाही अशा जागी दोन हार घालू आन येऊ." यवतमाळच्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे नेमकी तशीच योजना निघाली. अंदमानातलं एक लहानसं बेट, किनाऱ्यावरच लग्न, दोन हार, एक फोटोग्राफर, दोन शहाळी. नाव होतं 'निवांत विवाह पॅकेज'. एजंट फोनवर म्हणाला, "सर, काहीच टेन्शन नाही. फक्त तुम्ही दोघं आणि समुद्र. कपडे पांढरे आणा, वाळूवर फोटो छान येतात." सुनंदाला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आपलं तसंबी पांढरंच असते." आम्ही बौद्ध. आमच्यात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांतच उभे राहतात.

आत्यांना मी सांगितलं की नागपूरला शिलाई मशीनचं प्रदर्शन आहे, जाऊन येतो.

"किती दिवस?"

"सहा."

"सहा दिवस मशीन पाहान? जवाई, तुमच्या दुकानात एक मशीन हाये, तिले तुम्ही सहा मिनिटं तेल घालत नाही."

मी म्हणालो की मशीन जपानी आहेत. हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

आता कपड्यांचा प्रश्न. माझा सदरा मी कधीही शिवू शकत होतो, पण सुनंदाचं ब्लाऊज मला दुसऱ्या टेलरकडे टाकायचं नव्हतं. स्वतः टेलर असून होणाऱ्या बायकोचं लग्नाचं ब्लाऊज परक्या हातात देणं म्हणजे आचाऱ्यानं स्वतःच्या घरी डबा मागवण्यासारखं. शिवायचं तर दुकानात, भर दिवसा, आत्यांच्या चष्म्यासमोर. आणि आमच्या दुकानाचा नियम असा की कापलेल्या प्रत्येक कापडाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचायची. चिठ्ठी नसेल त्या कापडाला आत्या सुई लावत नाहीत. पूर्वी एकदा बिनचिठ्ठीचे दोन परकर अदलाबदल होऊन दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं, तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो मीच घातलेला.

मी पांढरं कापड कापलं, कडेला सुनंदाच्या आवडीची बारीक निळी पायपिंग लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं 'राठोड मॅडम'. राठोड मॅडम इथल्या शाळेत शिक्षिका. गेली पंधरा वर्षं कपडे माझ्याकडेच. स्वभावानं गाय. त्यांचं नाव सुचलं याचं कारण त्यांचं हिरवं ब्लाऊज त्याच वेळी माझ्या गुडघ्यावर होतं, याहून जास्त विचार मी केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी ते हुक लावायला हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. छातीच्या टाक्यावरून बोट फिरवलं.

"राठोड मॅडम लय वाळल्या."

"हाव," मी मशीनवरून मान न उचलता म्हणालो, "योगा करून राह्यल्या."

"बेचाळीसच्या बत्तीस झाल्या?"

"रोज करतात."

"आन पांढरं कायले? ना चौदा एप्रिल, ना बुद्धपौर्णिमा. आन त्या तं आपल्यातल्या बी नाहीत."

"सव्वीस जानेवारी. शाळेत साऱ्या बाया पांढरं घालणार आहेत."

दिवाळी होऊन तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आत्यांनी 'बरं' म्हटलं आणि हुक लावायला घेतले. मला वाटलं, सुटलो. शेवटचा हुक लागतो न लागतो तोच दारात सावली पडली आणि राठोड मॅडम स्वतः आत आल्या. जशा होत्या तशाच होत्या. योगाचा त्यांच्यावर कुठेही परिणाम झालेला दिसत नव्हता.

"भाऊ, माझं हिरवं झालं काय?"

"हिरवं झालं," आत्या म्हणाल्या, "आन पांढरंबी झालं. हे घ्या."

"पांढरं? मी पांढरं कधी दिलं?"

अशा वेळी प्रामाणिक माणूस खरं बोलून मोकळा होतो. मी म्हणालो, "असं काय मॅडम, सव्वीस जानेवारीचं नाही काय? शाळेतल्याच कोणीतरी बाईनं आणून दिलं तुमचं." मॅडम विचारात पडल्या. त्यांच्या चांगुलपणाला सीमा नाही. टेलर खोटं कशाला बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. "मिटिंगला मी नव्हते. तुम्ही म्हणता तर दिलं असेल," असं म्हणत त्यांनी ते पिशवीत टाकायला घेतलं. पिशवीत गेलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन काहीतरी सांगून परत आणलं असतं. पण आत्या म्हणाल्या, "असंच नेऊ नका मॅडम. घालून पाहा. जवाई आजकाल मापं चुकून राह्यले."

मॅडम कोपऱ्यातल्या पडद्याआड गेल्या. मी मशीनचं चाक हातानं धरून बसलो. मग कापड ताणल्याचा आवाज. मग मॅडमचा आवाज, "भाऊ, हे जरा फिटिंगचं झालं." आणि मग "याडी!" राठोड मॅडम मूळच्या तांड्यावरच्या. मराठी फार शुद्ध बोलतात, पण मोठ्या संकटात आईला हाक बंजारा बोलीतच मारतात. उजवा हात बाहीत कोपरापर्यंत जाऊन अडकला होता, आणि डावा कुठे होता ते मला सांगता येत नाही, कारण मी पुरुष असल्यामुळे पडद्याच्या अलीकडे होतो.

"आत्या, जा ना तुम्ही."

"माह्या डोळ्याले दिसत नाही," ज्या बाई नुसत्या बोटानं छातीचं माप सांगतात, त्या म्हणाल्या.

याच क्षणी सुनंदा बीपीचं मशीन घेऊन दारात उभी राहिली. (तिचा वार होता. तेही मी विसरलो होतो.) पडद्याआडून कण्हणं ऐकल्यावर ती नर्सच्या वेगानं थेट आत गेली. "मॅडम, घाबरू नका, हात सैल सोडा, श्वास सोडा," असं ऐकू आलं. मग टर्रकन आवाज झाला. तो आवाज टेलरला झोपेतही ओळखता येतो. बाहीची आणि काखेपासून कमरेपर्यंतची, दोन्ही शिवणी गेल्या होत्या.

सुनंदा बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात ब्लाऊज होतं आणि दुसऱ्या हातात त्याच ब्लाऊजची बाही. ती निळ्या पायपिंगकडे बघत होती. मी छताकडे बघत होतो. मॅडम घामाघूम होऊन आल्या, मलाच सॉरी म्हणाल्या. "माझंच वजन वाढलं हो भाऊ. तुमचं काही चुकलं नाही. जमलं तर थोडं ढिलं करून ठेवा," असं म्हणून हिरवं घेऊन गेल्या. आयुष्यात इतकी शरम मला दुसऱ्या कुणाच्या माफीनं वाटलेली नाही.

दुकानात आम्ही तिघं उरलो. आत्यांनी हात पुढे केला, सुनंदानं दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"सुनंदा, तुहं माप बत्तीस हाये ना?"

"हो आत्या."

मी घसा खाकरला. "आत्या, ते नागपूरचं प्रदर्शन..."

"ते झालं आत्ताच," आत्या म्हणाल्या.

मग त्यांनी बीपी तपासून घेतलं, चहा केला, सुनंदाला दिला, मलाही दिला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी ते ब्लाऊज हातानं शिवायला घेतलं. मशीनला हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत जोड कुठे होता ते मलाही सापडेना. मग त्यांनी 'राठोड मॅडम'ची चिठ्ठी काढली, माझ्याकडून कोरी चिठ्ठी मागून घेतली आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात 'सुनंदा' लिहून टाचली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं ते अक्षर, त्यातला 'नं' लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, चला, मान्य झालं. मी पाणी प्यायला आत गेलो तर कॉटवर त्यांची पिशवी होती. दोन लुगडी घडी करून आत, वर बीपीच्या गोळ्या, बाजूला शालूचा छोटा फोटो.

ज्या गोष्टीला घाबरून मी समुद्रापलीकडे लग्न करायला निघालो होतो, ती माझ्याच कॉटवर घडी घालून ठेवलेली होती. सहा वर्षं या बाईनं मला दोन वेळा वाढलं होतं. ताप आला तर माझ्या पायाला तेल चोळलं होतं, मी 'नको, जावयाच्या पायाला हात लावू नका' म्हणत असताना. आणि मी तिला लग्नाची गोष्ट चिठ्ठीवर दुसऱ्याच बाईचं नाव लिहून सांगितली होती. मी सुनंदाला फोन केला आणि म्हणालो, "आपण नाही जायचं. आत्या दिग्रसले चालल्या." ती एवढंच म्हणाली, "त्यायले विचारलं काय तुम्ही?" मी विचारलं नव्हतं. विचारण्याचा माझा स्वभाव असता तर हे ब्लाऊज शिवावंच लागलं नसतं.

संध्याकाळी ती आली आणि आत्यांच्या खोलीत जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. मी एकाच पँटची तीच शिवण तीनदा घातली. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. डोळे ओले होते, पण चेहरा शांत होता.

"एजंटले फोन लावा. तीन माणसायचं होते काय विचारा."

"तिसरं कोण?"

"पिशवी कोणाची भरली हाये?"

मी फोन लावला. एजंट मोठ्या उत्साहात म्हणाला, "बोला सर, निवांत पॅकेज."

"त्यात अजून एक माणूस बसंल काय?"

"सर, कपल पॅकेज आहे. कोण आहेत?"

"सासू."

"मॅडमच्या सासू?"

"नाही. माह्या."

"म्हणजे मॅडमच्या आई."

"नाही. मॅडमची आई नाही. माही सासू."

"सर, पण तुमचं लग्न अजून व्हायचं आहे ना?"

"आधीच्या लग्नातली हाये."

यानंतर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, रेंज गेली. मग तो फार जपून म्हणाला, "सर, नक्की विचार करा. हे निवांत पॅकेज आहे."

नागपूर विमानतळावर आत्यांच्या पिशवीतून तपासणीवाल्यांनी एक कात्री, दोन सुया आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चटणी परत दिली. आत्या त्यांना शांतपणे म्हणाल्या की पोरीचा टाका उसवला तर तुम्ही शिवून द्यान काय. पुढे बोटीत मी दोनदा ओकलो. सुनंदानं माझं डोकं धरलं आणि आत्यांनी पिशवी धरली. आमच्या पळून जाण्यातला धावपळीचा भाग एवढाच.

सकाळच्या उन्हात किनारा अगदी मोकळा होता. सुनंदा पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून बराच वेळ लाटा पायांवर घेत राहिली. हॉटेलवाल्यांनी फुलांची कमान लावली होती. आत्यांनी कमानीखाली पाट मागवला, त्यावर आमच्या प्रत्येक लग्नात असतात ते, घरून आणलेले दोन्ही फोटो ठेवले, त्यांच्या बाजूला, थोडा खाली, शालूचा. मला कुणी विचारलं नाही. मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती, म्हणून आत्या पदर आडवा धरून बसल्या. भंतेजी नव्हते. त्रिशरण-पंचशील आत्याच म्हणणार होत्या. तेवढ्यात फोटोग्राफर आला. कोलकात्याकडचा तरुण मुलगा, शिस्तीचा. त्याला दोन्ही बाजूंचे लोक नीट उभे करायचे होते.

"माताजी, आप लडकेवाली हो या लडकीवाली?"

आत्या उठल्या. माझ्याकडे पाहिलं. मी थोडा सरकून माझ्या उजव्या हाताला जागा केली. त्या वाळूतून हळूहळू चालत माझ्यासमोरून गेल्या आणि सुनंदाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"लडकीवाली," त्या म्हणाल्या.

माझं तोंड उतरलं असणार. सहा वर्षं मी त्यांना आईच समजत आलो होतो, आणि ऐन वेळी माझी बाजू रिकामी होती.

"असे काय पाहता जवाई?" आत्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं उभी राह्यली तं मी तुमची कोण? पोरीची माय हाये म्हणून तं तुमची सासू हाये. शालू गेली, तवापासून मी तुमच्या घरी जेवून राह्यली, पण मनात रोज भेव. पोरगी नाही तं हे नातं कायच्यावर उभं हाये म्हणून. कोणत्या दिवशी सरन म्हणून. हिले माय नाही, मले पोरगी नाही. आम्ही दोघीनं त्या दिवशीच ठरवलं. आता तुमच्या घरी मी हक्कानं राहीन."

सुनंदानं त्यांचा हात धरला. मी रडलो. लपवण्यासारखं काही नाही, भर उन्हात, शहाळं हातात घेऊन रडलो, आणि शिस्तीच्या त्या मुलानं नेमका तोच फोटो काढला. घरी भिंतीवर आहे. त्यात नवरी आणि तिची आई हसताहेत आणि नवरदेवाला बळजबरीनं उभं केल्यासारखं दिसतं.

माणसं दुसरं लग्न करतात तेव्हा बायकोबरोबर निदान सासर तरी नवीन मिळतं. मी चार महिने चोरून बेत आखला, एका सज्जन शिक्षिकेचा हात अडकवला, विमानात बसलो, बोटीत ओकलो, अख्खा समुद्र ओलांडून गेलो आणि पुन्हा तीच सासू करून आलो!